‘डॉक्टरच लस घेत नाहीत, मग आम्ही का घ्यावी?’

16 जानेवारी 2021 रोजी देशभरातल्या तीन हजारांहून अधिक केंद्रांवर कोविडची लस द्यायला सुरुवात झाली. पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांचा होता. प्रत्येक केंद्रावर दिवसाला साधारण 100 जण यावेत असा हिशेब होता. म्हणजे देशात तीन लाख. आले दोन लाखांच्या आसपास. महाराष्ट्रात 285 केंद्रांवर साडेअठ्ठावीस हजार अपेक्षित होते, तिथे सुमारे 18 हजारांनी लस घेतली. ‘डॉक्टरांनीच पाठ फिरवली’ हे वाक्य दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत पोहोचलं, आणि लोकांनी त्यावरून आपापले निष्कर्षही काढून टाकले. त्यातले बरेचसे चुकीचे होते.

गैरसमज : जो आला नाही, त्याने लस नाकारली

रिकाम्या खुर्च्या मोजणं सोपं असतं, त्या का रिकाम्या आहेत हे मोजणं अवघड. पहिल्या दिवशी को-विन ही संगणक प्रणाली इतकी अडखळली, की महाराष्ट्राला पुढचे दोन दिवस मोहीम थांबवावी लागली. कित्येकांना आपलं नाव आज यादीत आहे हा निरोपच मिळाला नाही. शिवाय गरोदर आणि स्तनदा मातांना तेव्हा लस द्यायची नव्हती. स्तनदा मातांना परवानगी मे 2021 मध्ये आणि गरोदर स्त्रियांना जुलैमध्ये मिळाली. परिचारिका, एएनएम (सहायक परिचारिका), आशाताई यांच्यात तरुण स्त्रिया किती असतात हे लक्षात घेतलं, तर हा आकडा किरकोळ राहत नाही. नुकताच कोविड होऊन गेलेल्यांनाही काही आठवडे थांबायला सांगितलं होतं. या सगळ्यांची गणती ‘घाबरले’ या एकाच रकान्यात झाली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने लसीबद्दलच्या चालढकलीची तीन मुळं सांगितली आहेत : विश्वास नसणं, ‘मला काय होतंय’ असा बेफिकीरपणा, आणि गैरसोय. आपण बोलतो ते बहुतेक वेळा पहिल्याबद्दलच. तिसऱ्याकडे लक्ष जात नाही, कारण त्याचा दोष कर्मचाऱ्यावर टाकता येत नाही.

गैरसमज : वैद्यक शिकलेल्याला शंका येत नाही

खरं तर त्याला जास्त शंका येते, कारण त्याला कागद वाचता येतो.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोव्हिशील्ड आणि हैदराबादच्या भारत बायोटेकची कोव्हॅक्सिन या दोन्ही लसींना 3 जानेवारी 2021 रोजी एकदमच परवानगी मिळाली. पण दोघींची परवानगी सारखी नव्हती. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत जवळपास 26 हजार स्वयंसेवक होते आणि तिचे परिणामकारकतेचे आकडे यायचे होते. म्हणून तिला ‘चाचणीच्या पद्धतीने’ वापरण्याची अट घातली गेली. ती घेणाऱ्याकडून संमतीपत्रावर सही घेतली जाई आणि त्यात लसीची परिणामकारकता अजून सिद्ध व्हायची आहे असं स्पष्ट म्हटलेलं होतं. कोणती लस मिळणार हे लसीकरण केंद्रावरून ठरणार. निवडीची सोय नाही. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी पत्र लिहिलं : आम्हाला कोव्हिशील्ड द्या.

या पत्रावरून त्यांना बरंच सुनावलं गेलं. पण त्यांनी लस नाकारलीच नव्हती, दुसरी मागितली होती. तिसऱ्या टप्प्याचे आकडे कुठे आहेत, हा प्रश्न वैद्यकाच्या पहिल्या वर्गापासून विचारायला शिकवला जातो. तो तिथे विचारला की योग्य आणि इथे विचारला की अश्रद्धा, असं कसं चालेल? 3 मार्चला भारत बायोटेकने 81 टक्के हा अंतरिम आकडा जाहीर केला. पुढे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अंतिम आकडा 77.8 टक्के असा छापून आला. म्हणजे लस चांगली होती. पण जानेवारीत प्रश्न विचारणारेही चुकले नव्हते. माझ्या मते चूक उत्तर देणाऱ्यांची होती. आकडे मागणाऱ्याला त्यांनी भरवशाचं आवाहन ऐकवलं.

दुसरी गोष्ट, ‘आरोग्य कर्मचारी’ ही एक जमात नाही. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांत एक चित्र पुन्हा पुन्हा दिसतं : डॉक्टर परिचारिकांपेक्षा लवकर तयार होतात, वयस्कर तरुणांपेक्षा. आणि ज्याने आधी फ्लूची लस घेतलेली असते, तो नवी लसही घेण्याची शक्यता बरीच जास्त असते. म्हणजे साथ आल्यावर विश्वास कमवायला निघालं तर उशीर झालेला असतो.

सरकारी रुग्णालयातल्या वॉर्डातल्या मावशी, वॉर्डबॉय, कंत्राटी सफाई कामगार यांचा प्रश्न तर तिसऱ्या टप्प्याचा नसतोच. कोव्हिशील्ड घेतल्यावर एखाद-दोन दिवस ताप आणि अंगदुखी हे नेहमीचंच होतं. कायम नोकरीतल्याला त्यासाठी रजा आहे. रोजंदारीवरच्याला तापाचा दिवस म्हणजे बुडालेला पगार. त्याला लसीच्या शास्त्राचं पत्रक देऊन काय होणार? दुसऱ्या दिवसाची भरपगारी सुट्टी देऊन मात्र बरंच होऊ शकतं.

गैरसमज : लस घेतल्यावर माणूस गेला, म्हणजे लसीने गेला

मोहिमेच्या दुसऱ्याच दिवशी उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादच्या जिल्हा रुग्णालयातला एक वॉर्डबॉय दगावला. आदल्या दिवशी त्याने लस घेतली होती. शवविच्छेदनात हृदय आणि फुप्फुसाचा आजार निघाला, लसीशी संबंध नसल्याचं सांगण्यात आलं. तोवर बातमी पसरून गेलेली होती. लाखो माणसांना सुई टोचली की त्यातल्या काहींना पुढच्या काही दिवसांत आपापल्या आजाराने मरण येणारच. म्हणूनच अशा प्रत्येक घटनेची चौकशी करणाऱ्या समित्या असतात. त्यांचे निष्कर्ष वेळेवर आणि सोप्या भाषेत लोकांपुढे आले नाहीत, तर ती जागा अफवा भरून काढते.

गैरसमज : आतल्या माणसांनी टाळली, तर लसीतच खोट

याला उत्तर हिपॅटायटिस बी च्या लसीने केव्हाच देऊन ठेवलं आहे. 1981 मध्ये अमेरिकेत आलेली ही पहिली लस त्या आजाराच्या वाहकांच्या रक्तद्रवापासून बनवलेली होती. नेमक्या त्याच वर्षी एड्सच्या पहिल्या नोंदी झाल्या. रक्तदात्यांत समलिंगी पुरुष बरेच होते, त्यामुळे लसीतून एड्स होईल या भीतीने डॉक्टर आणि परिचारिका मागे सरल्या. लस बनवताना केलेल्या प्रक्रियांत एड्सचा विषाणूही मरतो हे सिद्ध झालं, तरी भीती गेली नाही. 1986 मध्ये रक्ताऐवजी यीस्टच्या पेशींतून तयार केलेली लस आली.

गंमत अशी, की ज्याला सगळे घाबरत होते त्यापेक्षा ज्याकडे दुर्लक्ष होत होतं तोच धोका मोठा होता. बाधित रुग्णाला टोचलेली सुई लागली तर एड्सचा विषाणू मिळण्याची शक्यता हजारात तीन. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता मात्र शंभरात सहा ते तीस. लसीकरण आणि सुया हाताळण्याची काळजी वाढत गेली तशी 1983 ते 1995 या काळात अमेरिकेतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांमधली हिपॅटायटिस बी ची लागण सुमारे 95 टक्क्यांनी उतरली.

कोविडच्या बाबतीत आपल्याकडचाच दाखला वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा. तिथल्या दहा हजारांवर कर्मचाऱ्यांपैकी जवळपास 85 टक्क्यांनी एप्रिल 2021 पर्यंत लस घेतली, बहुतेकांनी कोव्हिशील्ड. दुसऱ्या लाटेत दोन डोस घेतलेल्यांना लागण होण्यापासून 65 टक्के आणि अतिदक्षता विभागात जाण्यापासून 94 टक्के संरक्षण मिळालं. लागण पूर्ण थांबली नाही, हेही त्याच आकड्यांत दिसतं, आणि ते लपवायचं कारण नाही.

गैरसमज : सक्ती केली की प्रश्न मिटला

सक्तीने आकडा वाढतो, हे खरं. सिअॅटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने 2005 मध्ये फ्लूची लस नोकरीची अट केली आणि प्रमाण 97 टक्क्यांवर गेलं. पण परिचारिकांची संघटना भांडली आणि त्यांना सक्तीतून सूट मिळाली. सूट मिळूनही त्यांच्यातल्या बहुतेकींनी लस घेतलीच. मग काम सक्तीने केलं, की कामाच्या जागीच लस हाताशी आणून देण्याने, हे सांगणं कठीण आहे.

आपल्याकडे कोविडची लस ऐच्छिकच होती. 2 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की कुणालाही बळजबरीने लस देता येणार नाही. मला अमेरिकेचा 1991 चा हिपॅटायटिस बी बद्दलचा नियम जास्त शहाणपणाचा वाटतो. त्यात सक्ती आहे, पण ती मालकावर : रक्ताशी संपर्क येणाऱ्या प्रत्येक कामगाराला, सफाईवाल्यालाही, लस फुकट आणि कामाच्या वेळेत द्यायचीच. नको म्हणणाऱ्याने तसं लिहून सही करायची. आणि पुढे कधीही त्याचं मन बदललं, तर तेव्हाही मालकाने ती फुकट द्यायची.