सेरोटोनिन, आनंद आणि शिंपल्याचा स्नायू

सेरोटोनिन म्हणजे मेंदूतलं आनंदाचं रसायन, ते वाढलं की माणूस खूश आणि घटलं की उदास, हे वाक्य आरोग्य पुरवण्यांत इतकं घोटलं गेलंय की आता कुणी त्याचा पुरावाही मागत नाही. मुळात १९४८ मध्ये क्लीव्हलंडला ते गुरांच्या रक्तद्रवातून वेगळं केलं गेलं ते रक्तवाहिन्या आकसवणारा पदार्थ म्हणून. मज्जातंतूचा निरोप ते स्नायूपर्यंत पोचवत असावं, हे बेटी ट्वॅरॉग यांना हार्वर्डमध्ये दिसलं, तेही आपल्या शिनाण्यांच्या कुळातल्या मायटिलस या शिंपल्यात. खडकाला चिकटलेले धागे ओढून धरणारा त्याचा स्नायू असिटिलकोलीनने आकसतो आणि असिटिलकोलीन निघून गेल्यावरही सैल होत नाही. कडी घातलेल्या दारासारखा, जवळजवळ ऊर्जा न खर्चता, तो तासन्‌तास ताठ राहतो. ही कडी काढतं सेरोटोनिन: पेशीत सायक्लिक एएमपी वाढतं, ट्विचिन नावाच्या प्रथिनाला फॉस्फेट जोडला जातो आणि पकड सुटते. सस्तन प्राण्यांच्या मेंदूत सेरोटोनिन असल्याचं ट्वॅरॉग आणि अर्विन पेज यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलं, ते या शिंपल्याच्या मागोमाग. पकड सुटताना शिंपला आनंदी होतो, असं कुणाला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं!

शिंपल्याचं माणसाला कसं लागू होईल, असा आक्षेप येतो. पण माणसाच्या शरीरातलंही सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं आणि तिथे ते आतड्याची हालचाल सांभाळतं. भावना रसायनात भरलेली नसते. ते कोणत्या रिसेप्टरवर बसतं आणि त्यामागे पेशीत काय घडतं, यावर परिणाम ठरतो. मग नैराश्यावरच्या गोळ्यांचं काय? अनेक गोळ्या सेरोटोनिनचं पुनर्शोषण काही तासांतच अडवतात, मन मात्र सावरायला आठवडे लागतात. नुसती तूट भरून काढायची असती तर एवढा उशीर झाला नसता. म्हणून गोळ्या निरुपयोगी ठरत नाहीत, आणि डॉक्टरांना न विचारता त्या बंद करू नयेत. आणि आनंदासाठी केळी खा म्हणावं, तर केळ्यातलं सेरोटोनिन मेंदूपर्यंत पोचतच नाही.

उरलेले गैरसमज किरकोळ. सैल होणं म्हणजे नुसतं काम थांबणं नव्हे, इथे सैल व्हायलाच हुकूम लागतो. तो हुकूम एकटं सेरोटोनिन देत नाही: १९८७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शिंपल्याच्या मज्जागंडिकांतून पकड सोडवणारं एक पेप्टाइड वेगळं केलं. पेप्टाइडचा परिणामही ठरावीक नसतो. १९७७ मध्ये शिंपल्याचं हृदय चेतवणारं म्हणून सापडलेलं एफएमआरएफअमाइड याच स्नायूची पकड थोड्या मात्रेत सोडवतं आणि जास्त मात्रेत त्याला आकसवतं. आणि उकडताना तिसऱ्या उघडतात त्या उष्णतेने शिंपा मिटून धरणाऱ्या स्नायूचं प्रथिन बिघडतं म्हणून, त्यामुळे एखादी मिटून राहिली एवढ्यावरून ती सडकी ठरत नाही. निवड उकडण्याआधी करावी: तोंड उघडं असलेली आणि टिचकी मारूनही न मिटणारी तिसरी टाकून द्यावी.