आधी पखवाज जेवतो!

मैत्रिणींनो, तुमच्या घरी पहिला घास कोणाला? देवाला की गाईला? आमच्या घरी तो पखवाजाला!

मी सून म्हणून खाप्याला आले तेव्हा दिवसभर हातमागाची खटखट आणि रात्री आमच्या ओसरीत भजन. पहिल्याच संध्याकाळी मामाजींनी विचारलं, "कणीक भिजोली का वं?" मला वाटलं, भूक लागली असेल. घाईघाईने तवा ठेवला. तर ते गोळा घेऊन गेले आणि पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापून मोकळे! कणकेच्या वजनाने आवाज खोल होतो, घुमतो, हे मागाहून कळलं. गोळा मोठा झाला तर आवाज बद्द, लहान झाला तर पातळ. दर भजनाला ताजी कणीक, वाजवून झालं की खरडून काढायची.

बाकीच्यांचे लाडही कमी नव्हते. पेटीवाल्या भाऊजींची पेटी बायकोच्या लग्नातल्या शालूत गुंडाळलेली. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. भाऊजींना तो अपमान अजून स्वतःचाच वाटतो. खंजिरीवाले काका पावसाळ्यात माझ्या चुलीपाशी बसून कातडं शेकत. तुकडोजी महाराजांचं वाद्य, त्याला सर्दी होऊन कसं चालेल? आमचा चहा तोवर खोळंबलेला.

आम्हा बायकांच्या मंडळात गळे आमचे, वाद्यं मात्र पुरुषांची. मामाजी गेले आणि पखवाज कोपऱ्यात गेला. मग कार्तिकातल्या एका काकडआरतीला, कन्हान नदीवरून बोचरा वारा सुटलेला असताना, बाहेरून बोलावलेला वादक आलाच नाही. "चला, टाळावरच भागवू," बायका म्हणाल्या.

मी घरी गेले, कणीक मळली, पखवाज उचलून आणला. वाजवता कुठे येत होतं? पण पंचवीस वर्षं तो गोळा मीच मळला होता. आज कणीक कमी पडली, हे स्वयंपाकघरात बसून आवाजावरून ओळखायची आणि मामाजींनी हाक मारायच्या आत आणखी चिमूटभर नेऊन द्यायची. गोळा लावला, थाप मारली. घुमला! डोळे भरून आले. पुढे दोन अभंगांत ताल तीनदा चुकला. विठ्ठलाने तक्रार केली नाही, बायकांनी केली.

आता रोज दुपारी भाऊजी पेटी धरतात, मी ठेका शिकते. परवा आमच्या यांनी विचारलं, "पोळ्या झाल्या का?"

म्हटलं, "थांबा जरा. पखवाजाचं व्हायचंय अजून."