नाव एक, बिऱ्हाडं अनेक

४ ऑक्टोबर २०२१ची रात्र आठवतेय? सव्वानऊच्या सुमारास व्हॉट्सॲप एकदम गप्प झालं. कुणी रिचार्ज तपासलं, कुणी मोबाइल बंद करून पुन्हा चालू केला. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, तिन्ही जगभर जवळजवळ सहा तास बंद होती. देखभालीच्या कामात कंपनीच्याच लोकांनी दिलेल्या एका आज्ञेमुळे त्यांचं अंतर्गत जाळं तुटलं, आणि ‘या नावाचं घर कुठे आहे’ हे सांगणारी त्यांची यंत्रं इंटरनेटवरून दिसेनाशी झाली. आपले फोटो, निरोप, काहीही पुसलं गेलं नव्हतं. घर जागेवर होतं, पत्ता सांगणारं कुणी उरलं नव्हतं, एवढंच!

ही झाली अब्जाधीशांची गोष्ट. पण मैत्रिणींनो, हे पत्त्याचं प्रकरण आता आपल्याही उंबऱ्यापर्यंत आलंय. बचत गटाचे पापड-मसाले असोत, कोकणातली घरगुती राहण्याची सोय असो, महिला मंडळाची पतसंस्था असो, वेबसाइट असतेच. तिचं जे नाव, म्हणजे अमुक डॉट कॉम किंवा तमुक डॉट इन, त्याला डोमेन नेम म्हणतात. ते कायमचं विकत मिळत नाही, भाडेपट्ट्यासारखं असतं. एका वेळी एक ते दहा वर्षांसाठी घ्यायचं आणि मुदत संपण्याआधी पुन्हा पैसे भरायचे. या नावामागे एक छोटीशी नोंदवही असते. वेबसाइट कोणत्या संगणकावर राहते, ईमेल कुठे पोचवायचं, आमच्या नावाने पत्र पाठवायचा अधिकार कुणाला, अशा चार-दहा ओळी. जुन्या वाड्याच्या दाराशी पाट्या असायच्या ना, ‘जोशी – माडीवर, टपाल खालच्या पेटीत’, अगदी तसंच. वाड्यात एकच बिऱ्हाड असलं तर काही प्रश्न नाही. पाच बिऱ्हाडांची पाटी एकच असली, की कोण कधी काय पुसेल याचा नेम नसतो.

जाता जाता एक सांगण्यासारखं. सुरुवातीच्या काळात जाळ्याला जोडलेल्या सगळ्या संगणकांची नावं एकाच यादीत असायची, आणि ती यादी अमेरिकेत स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत सांभाळणाऱ्या विभागाच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर नावाच्या बाई. नवं नाव घालायचं तर त्यांच्या कचेरीला कळवायचं. यादी आवरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आजची वाटून दिलेली पद्धत आखली: ज्याने त्याने आपल्या नावाची वही आपण सांभाळायची. डॉट कॉम, डॉट ऑर्ग ही शेपटं ठरवण्यात फाइनलरबाईंच्या गटाचा मोठा वाटा होता. ‘कॉम्प्युटरचं आपल्याला काय कळतंय’ म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी हे मुद्दाम ऐकवते.

आता आमच्या भागातली गोष्ट. पाच बचत गटांनी वर्गणी काढून एकच नाव घेतलं. एका गटाचे मसाले, एकीचा फराळ, एका गटाच्या गोधड्या, सगळ्यांची दुकानं त्या एका नावाखाली. वेबसाइट एका ठिकाणी, ईमेल दुसऱ्या कंपनीकडे. चाललं होतं छान. मग साइट जुनाट दिसते म्हणून दसऱ्याच्या सुमारास नवी करायला एका मुलाकडे दिली. त्याने काय केलं, तर नोंदवहीतली एक ओळ न बदलता अख्खी वहीच बदलली. नावाचा कारभार जुन्या ठिकाणाहून काढून नव्या कंपनीकडे वळवला. नवी वही कोरी. तिच्यात त्या कंपनीने आपल्या सवयीने दोन-चार ओळी घातल्या, त्यात ‘टपाल आमच्याकडेच द्या’ हीसुद्धा एक. साइट झकास दिसायला लागली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि ईमेल मात्र अशा पेटीत पडायला लागले, की जी आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

आठ दिवस हे चाललं. पुण्याच्या एका ऑफिसने दीडशे फराळाच्या डब्यांसाठी दोनदा विचारणा केली होती. उत्तर नाही म्हटल्यावर त्यांनी काम दुसरीकडे दिलं. भाजणी दळून ठेवलेल्या बायकांचा जीव तीळतीळ तुटला. त्याहून वाईट म्हणजे कुजबुज सुरू झाली, की सचिवताईंनी ऑर्डर परस्पर आपल्या भाचीला दिली. त्या बिचारीने बैठकीला यायचं सोडलं. पेटी सापडली, त्यात ती दोन्ही पत्रं तारखेसकट निघाली, तेव्हा कुठे सगळ्यांची तोंडं बंद झाली. दीडशे डबे गेले ते गेलेच. पण मला विचाराल, तर त्या आठ दिवसांत एका बाईच्या नावाला जो डाग लागला, त्याची किंमत जास्त होती.

हे टाळायला इंजिनिअर लागत नाही. काम सुरू करण्याआधी जुन्या नोंदवहीची पानं जशीच्या तशी छापून घ्यायची, किंवा मोबाइलवर फोटो काढायचे. एकेका ओळीसमोर ती कुणाची, कशासाठी, हे लिहायचं. नवं काम करणाऱ्याला आधीच सांगायचं, ‘बाबा रे, साइटची ओळ तेवढी बदल, टपालाला हात लावू नकोस.’ वही बदलणं अगदीच भाग असेल, तर आधी सगळ्या ओळी नव्या वहीत उतरवून घ्यायच्या आणि मगच कारभार वळवायचा. आणि वळवला की लगेच बाहेरच्या कुणाकडून तरी एक ईमेल मागवून बघायचं. पाच मिनिटांचं काम!

बदल लगेच दिसला नाही म्हणून घाईने दुसरा बदल करणं, ही आणखी एक खोड. प्रत्येक ओळीला किती वेळ ‘शिळी’ चालेल याचा आकडा असतो, सेकंदांत. ३६०० म्हणजे एक तास, ८६४०० म्हणजे पूर्ण दिवस. तेवढा वेळ जगातले संगणक जुनाच पत्ता सांगत राहतात. अख्खी वही बदलली तर दोन दिवससुद्धा लागतात. म्हणून मोठा बदल करण्याच्या आदल्या दिवशी हा आकडा कमी करून ठेवायचा, आणि बदल दिवाळीच्या तोंडावर करायचाच नाही.

पत्र पाठवायच्या अधिकाराची यादी मात्र नीट समजून घ्या. आमच्या नावाने कोण ईमेल पाठवू शकतं, हे सांगणारी एक ओळ असते, तिला एसपीएफ म्हणतात. नियम असा, की एका नावाला ही एकच यादी हवी. सामाईक नावात होतं काय, मसाल्याच्या गटाने सणाच्या शुभेच्छा पाठवायला एक सेवा घेतली, तिने सांगितलेली ओळ घातली. फराळवाल्यांनी बिलं पाठवायला दुसरी घेतली, त्यांनी दुसरी ओळ घातली. एका घरात दोन रेशनकार्डं! तपासणाऱ्याला दोन याद्या दिसल्या, की तो दोन्ही धरत नाही, आणि पत्रं स्पॅममध्ये जाऊन पडण्याचा धोका वाढतो. दोन्ही नावं एकाच ओळीत बसवायची असतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने पाठवणाऱ्यांची ओळख तपासण्याचे नियम कडक केलेत, तेव्हा आता इथे ढिलाई परवडणारी नाही.

जुन्या पाट्या काढायचा तर सगळ्यांनाच कंटाळा. गोधडीवाल्या गटाने ऑनलाइन दुकानाची सेवा घेतली होती, वर्षभराने बंद केली. पण त्या दुकानाकडे बोट दाखवणारी ओळ वहीत तशीच राहिली. बाजारात भाड्याने घेतलेला गाळा सोडला आणि वरची आपली पाटी काढलीच नाही, असं समजा. उद्या तोच गाळा भलत्याच माणसाने घेतला, तर तो तुमच्या पाटीखाली बसून माल विकणार, आणि गिऱ्हाईक फसलं की नाव तुमचं. काही सेवांमध्ये असं खरोखर करता येतं. सेवा बंद केली, त्याच दिवशी तिची ओळ काढायची.

पण न कळणारी ओळ काढण्याची घाईही नको. आपल्या लिपीतली नावं, शेवटी ‘डॉट भारत’ असलेली, २०१४ पासून मिळतात, मराठीतही. नोंदवहीत मात्र ती देवनागरीत दिसत नाहीत. इंग्रजी एक्स-एन, दोन आडव्या रेघा आणि पुढे अगम्य अक्षरं, अशी दिसतात. कचरा समजून कुणी पुसलं, तर आपलं मराठी नाव गेलं म्हणून समजा.

या सगळ्याच्या वर एक प्रश्न, जो बैठकीत कुणी विचारतच नाही. नाव नेमकं कुणाच्या नावावर आहे? सातबाऱ्यावर नाव कुणाचं, हे आपल्याला पाठ असतं. बँकेत अध्यक्ष बदलल्या की ठराव करून सह्या बदलतो. वेबसाइटचं नाव मात्र साइट करून देणाऱ्या मुलाच्या ईमेलवर, त्याच्याच मोबाइलवर. तो नोकरीला बंगळूरला गेला, नंबर बदलला, की मुदत संपत आल्याची पत्रं त्याच्या जुन्या ईमेलवर जाऊन पडतात. डॉट कॉमसारख्या नावांसाठी अशी पत्रं साधारण महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी पाठवावीच लागतात. ती वाचायला मात्र कुणीतरी हवं. मोठ्यांचंही असं झालंय. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट कंपनी आपल्या एका नावाचे ३५ डॉलर भरायला विसरली, आणि कुणा भल्या प्रोग्रामरने आपल्या खिशातून ते भरले. आपल्याला असा देवमाणूस भेटेलच असं नाही.

तेव्हा ठराव वहीत एक पान याचंही ठेवा. नाव कुठून घेतलं, कुणाच्या नावावर, मुदत कधी संपते. ईमेल गटाचं हवं, आणि तेही त्याच नावावरचं नको. नाव बंद पडलं तर त्यावरचं ईमेलही बंद, मग किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप! गुप्त शब्द पाचजणींत वाटत फिरवू नये. जिथे सोय असेल तिथे प्रत्येकीचं वेगळं खातं करावं, म्हणजे कोणी काय बदललं ते कळतं आणि कुजबुजीला जागा राहत नाही. पदाधिकारी बदलल्या की बँकेच्या ठरावाच्या खालीच याचाही ठराव घ्यावा.

आणि हो, नावाची मुदत संपतेय, ताबडतोब पैसे भरा, अशी सरकारी थाटाची बिलं ईमेलवर येतात, त्यातली कितीतरी खोटी असतात. पानावर लिहिलेल्या कंपनीचं नाव आणि तारीख जुळली तरच पुढे जायचं. तेही पत्रातली लिंक दाबून नाही, कंपनीच्या साइटवर आपणहून जाऊन.