पळायलाही चालेल, कट्ट्यावरही चालेल अशी ट्रॅक पँट

पहाटे पोलीस भरतीचा सराव, मग एमआयडीसीत शिफ्ट. सुप्यात आपल्यातल्या कित्येकांचा दिवस असाच असतो. भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर पळायचं. मी सुरुवातीला जाड सुती पँट घालून पळायचो. दुसऱ्याच फेरीला पँट ओली, जड आणि मांड्या घासून लाल!

घोळ कापडाचा होता. सुती धागा हवेतलाच ओलावा वजनाच्या साधारण ८ टक्के धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. त्यामुळे घाम पॉलिस्टरमध्ये मुरत नाही, वर पसरतो आणि आपल्याकडच्या वाऱ्यावर (डोंगरावर पवनचक्क्या उगाच नाहीत!) लवकर वाळतो. वास मात्र जास्त धरतो, म्हणून रोज धुवायची.

दुकानात आधी आतलं लेबल वाचा. पॉलिस्टर जास्त आणि सोबत ५ ते १० टक्के स्पँडेक्स, म्हणजे आपण ज्याला लायक्रा म्हणतो ते. मग ट्रायल रूममध्ये दहा उठाबशा काढा, लाजू नका. गुडघ्याला ओढ बसली किंवा मागून आरपार दिसलं, तर ठेवून द्या. खिशाला चेन हवीच, नाहीतर मोबाइल उड्या मारतो.

काळी किंवा गडद निळी, बिनपट्ट्याची, चमक नसलेली घेतली की तीच टी-शर्टाखाली घालून कट्ट्यावर जाता येतं. फक्त वेल्डिंगच्या किंवा तापलेल्या मशिनच्या कामाला ती घालू नका. ठिणगी पडली तर पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. तिथं जाड सुतीच बरी.