एथेन आणि एथिलीन : दोन हायड्रोजनांचा फरक

जामनेरच्या बाजारात केळीची फणी घेताना आपण तिचा रंग पाहतो, भाव विचारतो. ती कोणत्या वायूने पिकली, हे मात्र कोणी विचारीत नाही. आज त्या वायूची व त्याच्या एका सख्ख्या भावाची ओळख करून घेऊ. आम्ही कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेले नाही. हमाल, वेल्डर आणि वखारीतले कामगार यांच्या संघटनेत काम करताना, आमची माणसे कोणत्या वायूंत वावरतात हे समजावे म्हणून पुस्तके उघडावी लागली. त्यांतून जे उमगले, तेवढेच सांगतो.

कार्बनच्या अणूला चार हात, हायड्रोजनला एक, असे समजा. दोन कार्बनांनी एकमेकांचा एकेक हात धरला आणि उरलेल्या सहा हातांत सहा हायड्रोजन घेतले की एथेन वायूचा रेणू तयार झाला. नवा पाहुणा घ्यायला जागा नाही, म्हणून हा वायू ‘संपृक्त’. यातले दोन हायड्रोजन काढा. दोन्ही कार्बनांचा एकेक हात सुटतो आणि ते तोही एकमेकांत गुंफतात. हा झाला एथिलीन, म्हणजे ‘असंपृक्त’ वायू.

दोन्ही वायू रंगहीन, दोन्ही ज्वालाग्राही. मग फरक कोठे? दोन हातांची पकड दुप्पट घट्ट असेल असे आपल्याला वाटते. पण तसे नाही. एकेरी बंध तोडायला शंभर भाग शक्ती लागत असेल, तर दुहेरीला दोनशे नव्हे, सुमारे पावणेदोनशे लागते. दुसरा हात सैल असतो. योग्य सोबती भेटला की तो सुटून त्याला धरतो. ब्रोमीनच्या तांबूस पाण्यात एथिलीन सोडा, रंग उडतो. अंधारात एथेन सोडा, पाणी तांबूसच राहते.

म्हणूनच कारखानदारीला एथिलीन हवे असते. 1974 साली मुंबई हाय येथे तेल सापडले. तेथल्या नैसर्गिक वायूबरोबर एथेनही मिळाले. रायगड जिल्ह्यात नागोठण्याला त्याचे एथिलीन करणारा कारखाना उभा राहिला. वाफेबरोबर आठशे अंशांच्या वर तापवले की एथेनचे दोन हायड्रोजन सुटतात. पुढे हजारो एथिलीन-रेणू आपले सैल हात एकमेकांना देत लांब साखळी करतात. तिचे नाव पॉलिथिलीन. आपल्या केळीच्या बागेतली ठिबकची नळी त्याचीच असते.

आता केळीच्या पोटात पाहू. पिकू लागलेले फळ स्वतःच एथिलीन सोडते. 1934 साली इंग्लंडमध्ये गेन यांनी सफरचंदांवर हे सिद्ध केले. आढीतला एक पिकला आंबा शेजाऱ्यांना पिकवतो तो यामुळेच. वखारीत केळीला धुरी देत, त्या धुरातही एथिलीन असे. फळाच्या पेशीत तांब्याचा अणू बाळगणारी प्रथिने असतात. एथिलीनचा दुहेरी बंध त्या तांब्याला चिकटला की पिकण्याची आज्ञा सुटते. एथेनजवळ तसा बंधच नाही. त्याने कोठडी भरली तरी केळी त्याची दखल घेणार नाही.

कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन निघतो; आमच्या वेल्डरांचा हाच गॅस. त्यात तिहेरी बंध आहे, म्हणून तोही फळ पिकवतो. मात्र एथिलीनपेक्षा कितीतरी जास्त लागतो. शिवाय बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरस यांचे अंश असतात आणि त्यांतून विषारी वायू निघतात. 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांत कार्बाइडने फळे पिकवण्यास बंदी आहे. 2016 साली एथिलीनला दहा लाख भागांत 100 भागांपर्यंत परवानगी मिळाली.

एवढे एथिलीन माणसाला बाधत नाही. पण हवेत त्याचे प्रमाण शेकडा 2.7 च्या आसपास गेले, म्हणजे परवानगीच्या सुमारे 270 पट झाले, तर एका ठिणगीने स्फोट होतो. नळकांडे गळले, तर बंद खोलीत ही मजल गाठायला वेळ लागत नाही. दुसरे संकट मुकाट असते. पिकणारी केळी श्वास घेते, प्राणवायू कमी करते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. दार लावून ठेवलेल्या खोलीत हवा खेळती केल्याशिवाय शिरलेला हमाल भोवळ येऊन पडू शकतो.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. पिकवणीच्या प्रत्येक खोलीच्या दारावर आत कोणता वायू आहे, किती आहे आणि दार उघडल्यावर किती वेळ थांबायचे, हे मराठीत ठळक लिहावे. आणि ज्याला वाचता येत नाही, त्याला वाचून दाखवावे. ज्ञान पुस्तकात राहिले तर आपल्यापुरते. दारावर लागले तर ते माणूस वाचवते.