वाटी, टेप आणि वायर

शिवणक्लासात पहिल्या दिवशी कापडाला हात लावू देत नाहीत. आधी जुना पेपर. तो जमिनीवर पसरायचा, दुमडायचा, गळ्यातली टेप काढायची आणि पेन्सिलीने रेघा मारायला घ्यायच्या. छाती छत्तीस असेल तर भागिले चार, म्हणजे नऊ. त्यात सैलपणा आणि शिलाई धरून दीड-दोन इंच वाढवायचे. मग खांदा, मुंढा, पुढचा गळा, मागचा गळा, टक्स. सगळं आखून झालं की बाई येतात, मुंढ्याच्या गोलाईवर बोट ठेवतात आणि सांगतात, ‘एवढा खाली नेलात तर हात वर केल्यावर अख्खा ब्लाउज वर येईल.’ पेपर चुरगळायचा, दुसरा घ्यायचा. मशीनचंही तेच. दोरा न ओवता, कागदावरच्या रेघेवरून सुई चालवायची. भोकांची ओळ रेघेवर पडली की पास.

आमच्या निगडीच्या घरी आईच्या ट्रंकेत तिच्या क्लासमधले असे कापलेले पेपर अजून आहेत. घड्यांवर पिवळे पडलेत, पण आकार शाबूत. एका बाहीच्या कागदावर बातमीतला ‘कामगारांचा’ एवढाच शब्द उरलाय. कामगारांचं पुढे काय झालं ते कात्रीत गेलं.

पिंपरी-चिंचवडचा इतिहास सांगायला घेतला की तो कारखान्यांचाच होतो. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात एमआयडीसी, बजाज, टेल्को आल्या. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ मध्ये महापालिका. या सनावळीत माणसं येतात ती पाळीत येतात: फर्स्ट, सेकंड, नाईट. त्यांच्यामागून सातारा, सांगली, सोलापूर, जळगाव, लातूर, बुलढाण्याहून ज्या बायका आल्या, त्यांची नोंद रेशनकार्डावर. गावाकडे घरात दहा माणसं, इथे दोन खोल्या. शेजारीण दुसऱ्याच जिल्ह्यातली, तिची भाकरी वेगळी, तिची बोली वेगळी. नवरा या आठवड्यात पहाटे जाणार, पुढच्या आठवड्यात दुपारी, त्यापुढे रात्री. आणि रात्रपाळी करून आला की दिवसभर मुलांना ‘आवाज करू नका’ म्हणून दाबत बसायचं. अशा घरातून बाईला दोन तास बाहेर पडायचं तर कारण लागायचं. ‘फिरून येते’ हे कारण नव्हे. ‘क्लासला जाते’ हे कारण.

हे कारण पुरवणारी या पट्ट्यातली एक जुनी जागा म्हणजे आकुर्डीचं समाज सेवा केंद्र. बजाज समूहाने ते १९७५ मध्ये सुरू केलं, कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी आणि आसपासच्या वस्तीसाठी. मुलांसाठी, तरुणांसाठी, बायकांसाठी उपक्रम आणि जोडीला आरोग्याचं काम. यात निव्वळ परोपकार होता असं मला वाटत नाही. ज्याचं घर स्थिरावलं तो कामगार गावी पळत नाही, हे कंपनीला कळत होतं. पण हिशेबातून निघालेल्या गोष्टीही कधीकधी हिशेबापलीकडे टिकतात. आकुर्डीच्या कारखान्यातलं वाहनांचं उत्पादन २००७ मध्ये थांबलं. ज्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, तिची असेंब्ली लाइन गेली. केंद्र मात्र त्यानंतरही चालू राहिलं.

असे वर्ग महाराष्ट्राला नवे नव्हते. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन निघालं, तिथे प्रौढ बायकांसाठी शिवण होतंच. फरक इतकाच की तिथल्या अनेक जणींपुढे पोटाचा प्रश्न होता. इथे पगार दर महिन्याला घरात येत होता. त्यामुळे या क्लासांची टिंगलही भरपूर झाली. महिला मंडळ म्हणजे रुखवत, भेळ आणि कुजबुज, असं म्हणणारे पुरुष आमच्या गल्लीत काही कमी नव्हते. गंमत म्हणजे त्यांच्याच घरचे पडदे, मुलीचा झालर लावलेला फ्रॉक आणि दिवाळीचा डबा क्लासमधून आलेला असायचा.

माझ्या मते या क्लासांचं खरं काम वेगळंच होतं. त्यांनी अंदाजाचं माप केलं.

सासू सुनेला स्वयंपाक शिकवते तो अंदाजाने. मीठ किती? ‘लागेल तेवढं.’ मोहन किती? ‘पुरेल एवढं.’ हे अडाणीपण नव्हे. वीस वर्षं तोच गहू, तीच कढई, तीच चूल असली की हाताला कळतं. आकुर्डीत आल्यावर गहू रेशनचा, चुलीऐवजी गॅस, आणि सासू गावी. हाताला काही कळेना. शिवाय पाककृतीच्या वर्गात पंधरा जणी पंधरा ठिकाणच्या. ‘एक वाटी डाळ’ म्हटलं की जळगावची एक वाटी काढणार, कराडची दुसरी. कुणाची आमटीची, कुणाची तुपाची. देशात मेट्रिक वजनं १९५८ पासून लागू होऊ लागली, दुकानात किलो आला, पण घरात पायली आणि शेराचा शब्द पुष्कळ वर्षं रेंगाळला. मग वर्गात आधी वाटी ठरायची. आजपासून ही वाटी. बाकीच्यांनी घरी जाऊन हिच्या मापाची वाटी शोधा.

कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं आणि घराघरांत गेलं, त्याचं एक कारण हेच. ते वाटी-चमच्याच्या भाषेत बोलत होतं. नव्या संसारातल्या, आईपासून दोनशे किलोमीटरवर असलेल्या मुलीला ‘लागेल तेवढं’ ऐकायचं नव्हतं, आकडा हवा होता.

आकडा किती कामाचा असतो ते चकली दाखवते. भाजणीच्या पिठात कडकडीत मोहन घालायचं. ते जास्त झालं तर चकली तेलात पडताच सुटते, विरघळते, कढईत नुसता चुरा. कमी झालं तर दातांची परीक्षा. दोन्हींमधलं अंतर दोन-तीन चमच्यांचं. घरी चकली फसली की खापर नशिबावर, पिठावर किंवा दृष्टीवर फुटतं. वर्गात फसली की बाई विचारतात, ‘किती घातलं होतं?’ आणि जिने मोजलं नाही तिला उत्तर देता येत नाही. ज्या बाईला एकदा हा प्रश्न विचारला गेला, ती पुढे घरात, दुकानात, शिवायला टाकलेल्या कपड्याच्या बिलावरही तोच प्रश्न विचारू लागते.

तिकडे टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, बाजूला ही गोष्ट आणखी एक पायरी पुढे गेली. सत्तरच्या दशकात लीला मुळगावकरांनी पिंपरीत कामगारांच्या घरच्या बायकांसाठी संस्था काढली. आज तिचं नाव टाटा मोटर्स गृहिणी सोशल वेल्फेअर सोसायटी. लोक नुसतं ‘गृहिणी’ म्हणतात. लीलाबाईंचे यजमान सुमंत मुळगावकर टेल्कोचे सर्वेसर्वा; सुमो गाडीचं नाव त्यांच्या नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून पडलं. लीलाबाईंच्या नावाची गाडी निघाली नाही, पण त्यांची ओळख नवऱ्यापुरती नव्हती. देशातल्या ऐच्छिक रक्तदान चळवळीतलं ते एक आघाडीचं नाव. मुंबईत त्यांनी रक्तपेढीचं काम उभं केलं, १९६३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रक्तपेढीत आयुष्य घालवलेल्या बाईला माप आणि तपासणी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. बाटलीवर गट अंदाजाने लिहिता येत नाही.

गृहिणीत क्लासचा उद्योग झाला. पापड, लोणची, मसाले ही घरची कामं होतीच. शिवण आलं. आणि मग या यादीत एक गोष्ट अशी आली की वाचणारा थबकतो: विजेच्या केबलचे हार्नेस. लोणच्यापासून हार्नेसपर्यंत. एकाच संस्थेत, त्याच घरांतल्या बायकांच्या हातून.

हार्नेस म्हणजे गाडीच्या अंगातल्या नसा. दिवे, हॉर्न, वायपर, इंडिकेटर यांच्याकडे जाणाऱ्या वायरी एकत्र बांधलेला जुडगा. तो मांडीवर घेऊन बांधत नाहीत. एका मोठ्या फळीवर त्याचा नकाशा काढलेला असतो, वळणावळणावर खिळे असतात. ठरल्या लांबीची, ठरल्या रंगाची वायर त्या खिळ्यांमधून न्यायची. टोकाचं आवरण सोलून त्यावर पितळी टर्मिनल दाबून बसवायचं, याला क्रिम्पिंग म्हणतात. टर्मिनल कनेक्टरच्या नेमक्या घरात सरकवायचं. बसलं की बारीक ‘टक’ असा आवाज येतो. मग सगळ्या वायरींवर टेप गुंडाळत जायचं, सैल नाही, घट्ट नाही. शेवटी टेस्ट बोर्डवर लावून एकेका वायरीतून प्रवाह जातो का बघायचं. एक वायर शेजारच्या घरात गेली, तर चालक दिवा लावणार आणि वाजणार हॉर्न.

फळीवर पसरलेला तो नकाशा पाहिला की मला आईचा पेपर आठवतो. आधी आखणी, मग रेघेबाहेर न जाता हात चालवणं. पेड घालायची सवय असलेल्या बोटांना टेप गुंडाळणं परकं नाही. बदललं ते एवढंच की क्लासमध्ये टेपवरचे इंच होते, इथे मिलिमीटर आले. आणि क्लासमध्ये चुकलं तर बाई रागवायच्या, इथे माल परत येतो. बायकांच्या कामाला ‘नाजूक बोटांचं काम’ म्हणून कौतुकाने कमी पगार द्यायची जी रीत आहे, ती मला मुळीच मान्य नाही. नाजूकपणाचा इथे संबंध नाही. वर्षानुवर्षं मोजून, उसवून, पुन्हा शिवून आलेली शिस्त आहे ती, आणि ती फुकट शिकलेली आहे म्हणून स्वस्त नाही.

एक कबूल केलं पाहिजे. आसपासच्या वस्तीसाठी म्हटलं तरी ही केंद्रं मुख्यतः कायम कामगारांच्या घरांसाठी होती. ज्याचं नाव मस्टरवर पक्कं, त्याच्या बायकोला क्लास. कॅन्टीनमध्ये भांडी घासणाऱ्याच्या किंवा नाक्यावर उभ्या राहणाऱ्याच्या बायकोला ती पाटी दिसायची, पण आत जायचा धीर व्हायचा नाही. पुढे महापालिकेने वस्त्यांमधून शिवण, ब्यूटी पार्लर, संगणक असे वर्ग चालवले, बचत गट उभे राहिले, तेव्हा ही भिंत काहीशी खाली आली.

त्या बचत गटांची जत्रा म्हणजे पवनाथडी. महापालिका भरवते. तिथे गेलात तर खाण्याच्या गल्लीत सगळ्यांत मोठी रांग मांड्यांपुढे दिसेल. खानदेशी बाई पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत पसरवते आणि उलट्या खापरावर अलगद टाकते. हिला वाटी विचारू नका. माझ्या मापाच्या सिद्धांताला ती बाई एका झटक्यात खोटं पाडते, आणि मी मुकाट्याने दुसरा मांडा मागतो.

चाकणकडे चित्र वेगळं आहे. कांद्याच्या बाजाराचं गाव आता गाड्यांचं झालं. बजाज १९९९ मध्ये तिथे गेली, फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, पाठोपाठ सुटे भाग करणारे शेकडो आले. पण चाकणला आलेला कामगार बहुधा कंत्राटी. तो कॉलनीत राहत नाही. खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे इथल्या भाड्याच्या खोलीत राहतो आणि कंत्राट संपलं की खोली बदलतो. त्याच्या बायकोसाठी कंपनीचं केंद्र नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्चायला लावले, तेव्हापासून गावोगाव प्रशिक्षणाच्या बॅचेस दिसतात. तीन महिन्यांचा कोर्स, शेवटी प्रमाणपत्र, बॅनरपुढे फोटो, आणि पुढच्या वर्षी दुसरं गाव. शिकवतात वाईट असं नाही. पण मुंढा एका बॅचमध्ये बसत नाही. पहिला ब्लाउज बिघडतो, तिसरा बरा होतो, दहावा गिऱ्हाइकाला देता येतो; आणि दहावा शिवताना अडलं तर विचारायला त्याच जागी त्याच बाई असाव्या लागतात. आकुर्डीच्या केंद्राचं मोठेपण अभ्यासक्रमात नव्हतं, ते दार उद्याही उघडं असणार यात होतं. चाकणच्या कंपन्यांनी दहा गावांत दहा बॅचेस घेण्यापेक्षा एका गावात एक खोली दहा वर्षं चालवावी, असं मला वाटतं.

आणि आता तुमच्याकडे एक मागणं. यमुनानगर, प्राधिकरण, मोरवाडी, संभाजीनगर इथल्या जुन्या घरांत त्या क्लासच्या वह्या अजून असतील. दोनशे पानी, पुढून पाककृती, मागून कटिंग, मध्ये कुठेतरी दूधवाल्याचा हिशेब. घर बदलताना त्या रद्दीत घालू नका. पहिल्या पानावर वहीवालीचं नाव आणि साल लिहून ठेवा. आणि आई असेल तर तिला आजच विचारून घ्या, वहीतली ‘एक वाटी’ म्हणजे नेमकी कुठली वाटी. ती मापून बाजूला मिलिलिटर लिहा.