तहानलेली साखर

आधी एक कोडं घालते. गुलाबाचं फूल पेल्यात ठेवलं, तर तीन दिवसांत मान टाकतं. पोळीचा तुकडा डब्यात विसरला, तर त्यावर बुरशी चढते. मग त्याच गुलाबाच्या पाकळ्या बरणीत वर्षभर कशा टिकतात? त्या शिजवलेल्या नसतात. त्यांना फ्रिजचं तोंडही बघावं लागत नाही. उलट त्या चांगल्या महिनाभर उन्हात बसलेल्या असतात!

ओळखलंत ना? गुलकंद!

नांदेड जिल्ह्यातल्या देगलूरला आमच्या आजीच्या माळवदावर एप्रिल-मे महिन्यांत दोन बरण्या हमखास असायच्या. एक लोणच्याची आणि एक गुलकंदाची. पारा चाळिशी ओलांडायचा, पायाला चटके बसायचे, तरी आम्ही मुलं 'बरणी बघायला' म्हणून वर पळायचो. खालून आवाज यायचाच, "बरणीला वल्ला हात लावूलालास का रे?" एवढ्या लांबून तिला कसं कळायचं, हे कोडं अजून सुटलेलं नाही. पण ओल्या हाताला बंदी का, ते मात्र आता कळलंय.

आधी कृती सांगते. गुलाब हवा गावठी. फिकट गुलाबी, पातळ पाकळ्यांचा आणि घमघमणारा. बाजारातले लांब दांड्याचे, मोठे गुलाब दिसायला झकास, पण बऱ्याच जातींना वास बेताचाच असतो आणि त्यांच्यावर औषध फवारलेलं असू शकतं. म्हणून ते नकोत. फुलं सकाळी लवकर तोडायची, कारण गुलाबाचा वास म्हणजे हवेत उडून जाणारी तेलं. ऊन चढलं की ती पाकळीतून उडू लागतात. ही तेलं असतात तरी किती? अत्तरवाले किलोभर गुलाबतेल काढायला हजारो किलो फुलं वापरतात, इतकी थोडी!

पाकळ्या धुऊन कापडावर पसरायच्या आणि वरचं पाणी पार सुकू द्यायचं. मग स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत पाकळ्यांचा एक थर, कुटलेल्या खडीसाखरेचा एक थर, पुन्हा पाकळ्या, पुन्हा साखर. तोंडाला पातळ स्वच्छ कापडाचा दादरा बांधायचा आणि बरणी उन्हात ठेवायची. रोज कोरड्या चमच्यानं एकदा हलवायचं. झालं! काडीसुद्धा पेटवायची नाही.

आता गंमत बघा. बरणीत आपण पाण्याचा एक थेंबही घातला नाही. तरी दुसऱ्या दिवशी साखर ओली आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरणीत चक्क पाक! हे पाणी आलं कुठून?

ते पाकळ्यांतच होतं. 100 ग्रॅम ताज्या पाकळ्या घेतल्या, तर त्यात साधारण 80 ग्रॅम पाणीच असतं. पाकळी लाखो बारीक पेशींची बनलेली. प्रत्येक पेशी म्हणजे पाण्यानं भरलेली इवलीशी पिशवी, आणि पिशवीला पातळ पडदा, म्हणजे पेशीपटल. या पडद्यातून पाणी ये-जा करू शकतं, साखर मात्र सहज जाऊ शकत नाही. पाण्याचा स्वभाव असा, की जिकडे विरघळलेली साखर जास्त, तिकडे ते धावतं. बाहेर साखरच साखर, मग पेशीतलं पाणी निघालं बाहेर! पिशव्या रिकाम्या झाल्या, पाकळी लुळी पडली, साखर भिजली. याला विज्ञानाच्या पुस्तकात 'परासरण' म्हणतात. मी म्हणते, साखरेला तहान लागली.

आणि ही तहानलेली साखर पाकळीपाशी थांबत नाही. बरणीत एखादा जिवाणू किंवा बुरशीचा कण शिरला, तर त्याच्याही अंगातलं पाणी ती ओढून घेते. पाण्यावाचून तो वाढणार कसा? म्हणून गुलकंद नासत नाही.

पण थांबा, इथे थोडं गणित आहे. पाकात साधारण 65 टक्के साखर असली, की बहुतेक बुरशा आणि जिवाणू हात टेकतात. जॅमचाही हिशोब साधारण असाच असतो. आपण घेतल्या 100 ग्रॅम पाकळ्या आणि 100 ग्रॅम साखर. पाकळ्यांतलं पाणी 80 ग्रॅम. म्हणजे पाक 180 ग्रॅम, त्यात साखर 100. टक्के काढा बरं. साडेपंचावन्न! दहा टक्के कमीच पडले. आता?

आता सूर्य मदतीला येतो. दादऱ्याच्या कापडातून वाफ निघून जाते. पाकातलं 26 ग्रॅम पाणी उडालं, की पाक उरतो 154 ग्रॅम आणि त्यात साखर होते 65 टक्के. म्हणजे ऊन गुलकंद शिजवत नाही, आटवतं. घट्ट झाकण लावलं असतं, तर वाफ आतच अडकली असती. काही घरी पाकळ्यांच्या दीडपट साखर घालतात. तो हिशोब तुम्ही करून बघा. 80 ग्रॅम पाण्यात 150 ग्रॅम साखर म्हणजे पहिल्या दिवसापासूनच 65 टक्के! कागद-पेन्सिल न घेता घराघरांतल्या बायकांनी हे प्रमाण बसवलं आहे.

आणि ओला हात? ओल्या बोटाचं पाणी पाकावर पडलं, की तेवढ्या जागी पाक पातळ होतो, आणि बुरशीला तेवढीच जागा पुरते. आजीचं बरोबर होतं.

हीच युक्ती मधमाशीला आपल्याआधी लाखो वर्षं माहीत आहे. फुलातला मकरंद पातळ असतो. माश्या पोळ्यात पंखांनी वारा घालून त्यातलं पाणी उडवतात. जेमतेम 18 टक्क्यांच्या आसपास पाणी उरलं, की मध तयार. आमच्या नांदेड जिल्ह्यातच किनवट-माहूरच्या जंगलात मोहाची झाडं आहेत. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे त्यांची रसाळ फुलं टपटप गळतात. त्यांना साखर घालावीच लागत नाही, ती मुळातच गोड! तिथली माणसं ती वेचून उन्हात वाळवतात, मग ती मनुकांसारखी सुरकुततात आणि टिकतात. मध असो, मोह असो की गुलकंद, गोड ठेवायचं आणि पाणी घालवायचं, एवढंच काम.

आता या शब्दाची गंमत ऐका. फारसीत 'गुल' म्हणजे फूल, गुलाबसुद्धा, आणि 'कंद' म्हणजे साखर. हा 'कंद' मूळचा कुठला? आपल्या संस्कृतमधला 'खंड', म्हणजे तुकडा, साखरेचा खडा! तो इराणात जाऊन 'कंद' झाला, तिथून अरबस्तानमार्गे युरोपात पोचून 'कँडी' झाला, आणि इकडे गुलाबाचा हात धरून परत घरी आला. देगलूर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं. इथल्या बाजारात आजही मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू कानावर पडते. शब्दांची असली ये-जा आम्हाला नवी नाही.

घरचा गुलकंद तपकिरी दिसला, तर नाक मुरडू नका. पाकळीचा गुलाबी रंग ऊन आणि हवेनं फिका पडतो. महिनाभर उन्हात बसलेला गुलकंद लालभडक दिसला, तर मात्र त्यात रंग घातलाय का, ते विचारा.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. प्रत्येक फूल खायचं नसतं. कण्हेर, धोतरा, रुई ही विषारी आहेत. मोठ्यांना विचारल्याशिवाय कुठलंही फूल तोंडात घालायचं नाही.

आता तुमचं काम. रिकाम्या बरणीचं वजन करा. मग 100 ग्रॅम पाकळ्या आणि 100 ग्रॅम खडीसाखर भरा. दर रविवारी दादरा सोडून बरणी तोला आणि वहीत आकडा लिहा. आतला माल 200 ग्रॅमवरून 174 ग्रॅमच्या आसपास आला, की समजा, गुलकंद झाला. मधले 26 ग्रॅम तुम्ही चोरून खाल्ले नसतील, तर ते उन्हानं प्यायले!